दुसऱ्या कंपनीचा एसएफपी चालतो का? ऑप्टिकल ट्रान्सीव्हर आणि ‘व्हेंडर लॉक’ची सविस्तर माहिती

फोनवर ५जी दिसो की वायफाय, बिनतारी प्रवास फक्त सुरुवातीचा असतो. टॉवर किंवा घरातला राऊटर लागला की पुढचा बहुतेक रस्ता फायबरचा. त्या फायबरच्या प्रत्येक टोकाला बोटाएवढा एक धातूचा तुकडा बसवलेला असतो. त्याचं नाव ऑप्टिकल ट्रान्सीव्हर. नेटवर्कवाले त्याला सरळ ‘एसएफपी’ किंवा ‘मॉड्यूल’ म्हणतात.

हा तुकडा स्विच बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यायचा, की दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला चालतो? अनेक स्विच दुसऱ्या कंपनीचा मॉड्यूल ओळखतात आणि पोर्ट बंद करून टाकतात. यालाच ‘व्हेंडर लॉक’ म्हणतात. हे लॉक नेमकं कुठे असतं, ते कसं उघडतं आणि उघडण्याआधी काय तपासायचं, ते या लेखात बघू.

ऑप्टिकल ट्रान्सीव्हर म्हणजे काय?

स्विच आणि राऊटरच्या आत सगळं काम विजेच्या सिग्नलवर चालतं. फायबरमधून मात्र प्रकाश जातो. ट्रान्सीव्हर या दोघांमधला दुभाषी आहे. त्यात एक लेझर असतो, जो विजेचा सिग्नल प्रकाशात बदलून पाठवतो. शेजारी एक फोटोडायोड असतो, जो आलेला प्रकाश पुन्हा विजेत बदलतो.

तो स्विचमध्ये कायमचा जोडलेला नसतो. पोर्टमध्ये सरकवायचा, खटका बसला की काम सुरू. स्विच चालू असतानाही काढता-घालता येतो. त्यामुळे एकाच स्विचच्या एका पोर्टवर ३०० मीटरचा मॉड्यूल आणि शेजारच्या पोर्टवर ४० किलोमीटरचा मॉड्यूल लावता येतो.

नेहमी कानावर पडणारी नावं अशी:

- एसएफपी: साधारण १ जीबीपीएसपर्यंतच्या लिंकसाठी
- एसएफपी प्लस: १० जीबीपीएस
- एसएफपी २८: २५ जीबीपीएस, ५जी टॉवरच्या उपकरणांतही वापरतात
- क्यूएसएफपी २८: १०० जीबीपीएस

तुमच्या फोनशी याचा काय संबंध?

आपल्या गावातला केबलवाला आठवा. टीव्हीची केबल देणारे अनेक जण आता फायबर ब्रॉडबँड देतात. त्यांच्या ऑफिसमध्ये ओएलटी नावाचा डबा असतो. त्याच्या एका पोर्टमधून निघालेलं फायबर वाटेत स्प्लिटरने फाटत जातं आणि अनेक घरांपर्यंत पोहोचतं. त्या एका पोर्टमध्ये एक मॉड्यूल बसलेला असतो. तो गेला, तर त्या पोर्टवरची सगळी घरं ऑफलाइन. ओएलटीला मोठ्या इंटरनेट कंपनीशी जोडणाऱ्या अपलिंकचा मॉड्यूल गेला, तर अख्खा एरिया बंद.

अशा वेळी मूळ कंपनीचा मॉड्यूल मागवून त्याची वाट बघत बसणं छोट्या ऑपरेटरला परवडत नाही. कंपॅटिबल मॉड्यूल दोन-तीन जास्तीचे कपाटात ठेवता येतात, कारण ते स्वस्त असतात. १० जीबीपीएसचा, १० किलोमीटर पल्ल्याचा कंपॅटिबल मॉड्यूल काही हजार रुपयांत मिळतो. मोठ्या ब्रँडच्या किंमतपत्रिकेत त्याच कामाच्या मॉड्यूलची किंमत अनेकदा याच्या कितीतरी पट असते. एका स्विचला ४८ पोर्ट असले, तर मॉड्यूलचं बिल स्विचच्याही वर जाऊ शकतं. हा खर्च शेवटी ग्राहकाच्या प्लॅनमध्येच येतो.

नाशिकमध्ये हा प्रश्न लहान नाही. सातपूर एमआयडीसीत ईएसडीएससारखी डेटा सेंटर कंपनी आहे, शहरभर ब्रॉडबँडवाले आहेत, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांना नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला लाखोंची गर्दी एकाच वेळी फोन काढणार आहे. अशा दिवशी ‘मॉड्यूल मागवलाय, येईल’ हे उत्तर चालत नाही.

साचा सगळ्यांचा एकच

एसएफपीचा आकार, पिना, विजेचे सिग्नल आणि आतल्या मेमरीची मांडणी कुठल्या एका कंपनीची मालकी नाही. सन २००० मध्ये अनेक उत्पादकांनी एकत्र येऊन ‘मल्टी-सोर्स अ‍ॅग्रीमेंट’ म्हणजे एमएसए केलं. उद्देश नावातच आहे: एकच भाग अनेक ठिकाणांहून घेता यावा.

प्रकाशाचे नियमही सामाईक आहेत. १० जीबीपीएसचा ‘एलआर’ मॉड्यूल १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर सिंगल मोड फायबरमधून १० किलोमीटरपर्यंत चालतो, हे आयईईईच्या प्रमाणकात लिहिलेलं आहे. फायबरसाठी आयटीयूचं जी.६५२.डी हे प्रमाणक आहे. म्हणून छत्रपती संभाजीनगरला एसटीएलच्या कारखान्यात ओढलेलं फायबर कोणत्याही कंपनीच्या स्विचला चालतं. एका टोकाला एका ब्रँडचा मॉड्यूल आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचा असला तरी लिंक लागते. प्रकाशाला ब्रँड कळत नाही.

आणखी एक गोष्ट. स्विचवर ज्यांचं नाव असतं, त्या कंपन्या बरेच मॉड्यूल स्वतः बनवत नाहीत. कोहेरंट (पूर्वीची फिनिसार यातच आली), लुमेंटम, इनोलाइट, अ‍ॅक्सिलिंक अशा उत्पादकांकडून ते बनवून घेतले जातात. सिस्कोने लक्सटेरा आणि अकेशिया या ऑप्टिक्स कंपन्या विकत घेतल्या आहेत, त्यामुळे काही मॉड्यूल घरचे असतात. पण लेबल आणि कारखाना वेगळा असणं या धंद्यात नेहमीचं आहे.

मग लॉक कुठे असतं?

प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक छोटी मेमरी चिप असते, ईईप्रॉम. एसएफपीत तिचं मुख्य पान २५६ बाइटचं. मॉड्यूल पोर्टमध्ये घातला की स्विच सर्वात आधी हे पान वाचतो. त्यात ठरलेल्या जागी ठरलेली माहिती असते:

- बाइट २० ते ३५: उत्पादकाचं नाव, १६ अक्षरं
- बाइट ३७ ते ३९: उत्पादकाचा नोंदणी क्रमांक
- बाइट ४० ते ५५: पार्ट नंबर
- बाइट ६३: आधीच्या बाइटची बेरीज जुळते का, ते तपासणारा चेकसम
- बाइट ६८ ते ८३: सिरियल नंबर
- बाइट ९६ ते १२७: उत्पादकाला हवं ते लिहायला मोकळी जागा

लॉक यातच असतं. काही स्विच फक्त नाव आणि पार्ट नंबर बघतात. काही कंपन्या त्या मोकळ्या जागेत सिरियल नंबरवरून काढलेला गुप्त कोड ठेवतात. स्विचचं सॉफ्टवेअर तोच हिशेब पुन्हा करतं. उत्तर जुळलं नाही, की ‘अनसपोर्टेड ट्रान्सीव्हर’ असा संदेश येतो आणि पोर्ट बंद होतो. लेझर ठणठणीत, फायबर ठणठणीत, पण ओळखपत्रावरचा शिक्का वेगळा.

आयफोनमध्ये बाहेरून स्क्रीन बदलली की ‘अननोन पार्ट’ असा संदेश दिसतो ना, त्याच जातीची ही गोष्ट. फरक इतकाच, की तिथे बहुतेकदा इशारा मिळतो आणि इथे लिंकच लागत नाही.

‘कंपॅटिबल’ मॉड्यूल विकणारे याच मेमरीत त्या-त्या ब्रँडच्या स्विचला पटेल अशी माहिती भरून देतात. याला कोडिंग म्हणतात. काही विक्रेते कोडिंग बॉक्सही देतात. त्यात मॉड्यूल खोचायचा, अ‍ॅपमध्ये ब्रँड निवडायचा, आणि तोच मॉड्यूल आज एका ब्रँडच्या आणि उद्या दुसऱ्या ब्रँडच्या स्विचसाठी तयार होतो.

कंपन्या असं का करतात?

पहिलं कारण उघड आहे: पैसा. स्विच स्पर्धेत कमी भावात द्यावा लागतो, मग मॉड्यूलमधून नफा वसूल होतो. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हे गणित तुम्हाला माहीत आहेच.

पण कंपन्यांची सगळीच कारणं बहाणे नसतात:

- उष्णता. एसएफपी प्लसच्या पोर्टची रचना साधारण दीड वॉटच्या आसपास धरलेली असते. तांब्याच्या केबलचा १० जीबीपीएस मॉड्यूल याहून जास्त वीज घेऊ शकतो. असे चार शेजारीशेजारी लावले की पोर्ट तापतो.
- दर्जा. खराब मॉड्यूल लिंक पूर्ण तोडत नाही, मधूनच पॅकेट चुकवतो. असा दोष शोधायला सपोर्ट टीमचे दिवस जातात.
- चाचणी. कंपनी आपले मॉड्यूल प्रत्येक सॉफ्टवेअर आवृत्तीवर तपासते. जगातला प्रत्येक मॉड्यूल तपासणं तिला शक्य नाही.

म्हणून ‘लॉक म्हणजे निव्वळ लूट’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. लॉक काढलं की हे तपासण्याचं काम तुमच्याकडे येतं, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

ब्रँडेड, कंपॅटिबल आणि बनावट

हे तीन शब्द बाजारात मुद्दाम मिसळले जातात.

ब्रँडेड म्हणजे स्विच कंपनीच्या नावाने, तिच्या वॉरंटीसह आलेला मॉड्यूल. कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्या उत्पादकाचा, त्याच्या स्वतःच्या लेबलचा आणि त्याच्या स्वतःच्या वॉरंटीचा मॉड्यूल. फक्त कोडिंग तुमच्या स्विचसाठी केलेलं. हा उघड व्यवहार आहे.

बनावट म्हणजे दुसऱ्याचा माल, पण वर मोठ्या ब्रँडचं खोटं लेबल आणि होलोग्राम. ही सरळ फसवणूक आहे. अमेरिकेत सिस्कोच्या नावाने बनावट नेटवर्क उपकरणं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला २०२४ मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. कंपॅटिबल घ्यायचा तर तो स्वतःचं नाव लपवत नसेल असाच घ्या. ‘ओरिजिनल आहे, पण निम्म्या भावात’ असं कोणी म्हणालं, तर सिरियल नंबर मूळ कंपनीकडे पडताळल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोणत्या उपकरणावर काय करावं लागतं?

- सिस्को: आयओएस असलेल्या अनेक स्विचवर ‘सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर’ ही कमांड आहे. ती मदतीच्या यादीत दिसत नाही, पूर्ण टाइप करावी लागते. दिल्यावर स्विच इशारा दाखवतो, की यामुळे बिघाड झाला तर सपोर्ट नाकारला जाऊ शकतो. त्यासोबत ‘जीबीक-इनव्हॅलिड’ या कारणाने पोर्ट बंद करणारी तपासणीही थांबवावी लागते.
- एचपीई अरुबा: अनेक मॉडेल्सवर ‘अलाउ-अनसपोर्टेड-ट्रान्सीव्हर’ हा पर्याय आहे.
- अरिस्टा: यात कमांडसोबत कंपनीकडून मिळालेली की लागते.
- मायक्रोटिक: इथे ब्रँडचं लॉक नाही. छोट्या ब्रॉडबँडवाल्यांकडे हे राऊटर भरपूर दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.
- लिनक्स सर्व्हरमधलं इंटेल एक्स५२० कार्ड: ड्रायव्हर लोड करताना ‘अलाउ अनसपोर्टेड एसएफपी’ हा पर्याय १ करावा लागतो.

मॉड्यूल आधीच नीट कोड केलेला असेल तर बहुतेकदा यातलं काहीच करावं लागत नाही. उलट कमांडवर विसंबलेला मॉड्यूल सॉफ्टवेअर अपडेटनंतर रुसण्याची शक्यता जास्त. म्हणून ऑर्डर देताना स्विचचं नेमकं मॉडेल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती विक्रेत्याला लिहून द्या.

खरेदीआधीचं गणित: सातपूर ते पंचवटी

लॉक उघडलं म्हणजे लिंक चालेलच असं नाही. प्रकाश पुरतो का, हे आधी बघायचं. समजा सातपूरहून पंचवटीपर्यंत तुमच्या फायबरची लांबी ८ किलोमीटर आहे आणि १० जीबीपीएसचा एलआर मॉड्यूल लावायचाय.

- फायबरमधली घट: १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.३५ डीबी धरू. ८ × ०.३५ = २.८ डीबी
- दोन कनेक्टर, प्रत्येकी ०.५ डीबी: १ डीबी
- चार जोड म्हणजे स्प्लाइस, प्रत्येकी ०.१ डीबी: ०.४ डीबी
- एकूण घट: ४.२ डीबी

एलआर प्रमाणकानुसार पाठवणारा कमीत कमी उणे ८.२ डीबीएम प्रकाश देतो आणि घेणाऱ्याला निदान उणे १४.४ डीबीएम हवा असतो. म्हणजे खर्च करायला ६.२ डीबी आहेत. त्यातून ४.२ गेले, २ डीबी उरले. लिंक लागेल. पण उद्या रस्त्याच्या खोदकामात केबल तुटून दोन-तीन नवे जोड आले आणि कनेक्टरवर धूळ बसली, तर ही शिल्लक झपाट्याने संपते.

उलटी चूकही होते. ‘जास्त पल्ल्याचा घेऊ, सेफ राहील’ म्हणून ८० किलोमीटरचा मॉड्यूल ८ किलोमीटरवर लावला, तर समोरच्या फोटोडायोडवर गरजेपेक्षा जास्त प्रकाश पडतो आणि तो जळूही शकतो. अशा वेळी मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावावा लागतो.

एकाच फायबरवर ये-जा करणारा ‘बायडी’ मॉड्यूल घेत असाल, तर जोडी उलटसुलट हवी. एका टोकाला १२७० नॅनोमीटरवर पाठवून १३३० वर घेणारा, तर दुसऱ्या टोकाला १३३० वर पाठवून १२७० वर घेणारा. दोन्ही एकसारखे मागवले तर लिंक लागणारच नाही, आणि दोष उगाच कंपॅटिबलच्या माथी मारला जाईल.

बसवल्यावर काय तपासायचं?

बऱ्याच मॉड्यूलमध्ये डीडीएम असतं, म्हणजे स्वतःची तब्येत सांगायची सोय. तापमान, व्होल्टेज, लेझरचा करंट, पाठवलेला प्रकाश आणि आलेला प्रकाश असे पाच आकडे त्यातून मिळतात. लिनक्सवर ‘एथटूल’ला एम हा पर्याय दिला की ते दिसतात, स्विचवर ट्रान्सीव्हरची माहिती दाखवणारी कमांड असते.

१. पहिल्या दिवशीचे पाचही आकडे लिहून ठेवा. पुढे बिघाड झाला की तुलना करायला हेच लागतात.
२. काही तास पूर्ण वेगाने डेटा पाठवून सीआरसी एरर मोजा. एरर वाढत असतील तर आधी कनेक्टर साफ करा, मग मॉड्यूल बदलून बघा.
३. स्विच रीस्टार्ट करून मॉड्यूल पुन्हा ओळखला जातो का, ते पाहा.
४. लेझरचा करंट महिन्यागणिक चढत असेल तर मॉड्यूल म्हातारा होतोय. बंद पडायच्या आधीच बदला.
५. पेटी उन्हात असेल तर तापमानाचा प्रकार बघून घ्या. साधा मॉड्यूल ० ते ७० अंश सेल्सिअससाठी असतो, इंडस्ट्रियल उणे ४० ते ८५ साठी. एप्रिल-मेच्या उन्हात रस्त्याकडेच्या बंद लोखंडी पेटीतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते, आणि मॉड्यूलचं आवरण त्याहून जास्त.

वॉरंटी जाते का?

सरसकट जात नाही. सिस्कोचं जाहीर धोरण असं आहे, की बिघाड दुसऱ्या कंपनीच्या भागामुळे झाल्याचं ठरलं तर सपोर्ट नाकारला जाऊ शकतो. म्हणजे पंखा किंवा पॉवर सप्लाय गेला, तर केवळ कंपॅटिबल एसएफपी लावला म्हणून हात वर करता येत नाहीत. व्यवहारात मात्र सपोर्ट इंजिनिअर ‘आधी आमचा मॉड्यूल लावून दाखवा’ म्हणतो. म्हणून प्रत्येक प्रकारचा एक तरी ब्रँडेड मॉड्यूल कपाटात ठेवणं शहाणपणाचं.

भारतात याच्याशी मिळताजुळता एक मोठा निकाल मोटारींच्या सुट्या भागांबद्दल आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्याचा तो प्रश्न होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने सांगितलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तो निकाल नेटवर्क उपकरणांना आपोआप लागू होत नाही, पण युक्तिवाद तोच आहे: वस्तू विकल्यावर तिच्यात काय लावायचं, हे कंपनीने किती ठरवावं? केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, तेही याच प्रश्नातून.

परवानाधारक टेलिकॉम आणि इंटरनेट कंपन्यांना एक वेगळा नियमही आहे. १५ जून २०२१ पासून त्यांनी नेटवर्कमध्ये नवी उपकरणं ‘ट्रस्टेड सोर्स’कडूनच जोडायची आहेत. त्यामुळे ब्रॉडबँड कंपनीत खरेदी करणाऱ्याने फक्त भाव बघून चालत नाही. घर, कॉलेज किंवा ऑफिसच्या स्वतःच्या स्विचची गोष्ट वेगळी.

नेहमीचे प्रश्न

*घरचा फायबरचा डबा मी बदलू शकतो का?*
हे लॉक वेगळं आहे. घरच्या ओएनटीचा सिरियल नंबर कंपनीच्या ओएलटीवर नोंदलेला असतो. नवा डबा लावायचा तर कंपनीने त्याची नोंद केली पाहिजे. त्याच्या पुढचा वायफाय राऊटर मात्र बहुतेकदा तुमच्या पसंतीचा लावता येतो.

*कंपॅटिबल मॉड्यूलने स्पीड कमी होतो का?*
नाही. १० जीबीपीएसची लिंक लागली की ती १० जीबीपीएसचीच असते. एरर येत असतील तर डेटा पुन्हा पाठवावा लागतो आणि तेव्हा स्पीड पडल्यासारखा वाटतो. ते ब्रँडेडमध्येही होतं.

*मॉड्यूलच्या तोंडात डोकावलं तर चालतं का?*
अजिबात नाही. प्रकाश इन्फ्रारेड असतो, डोळ्याला दिसत नाही. तपासायला पॉवर मीटर वापरा आणि रिकाम्या पोर्टला टोपी लावून ठेवा.

*कुठे ब्रँडेडच घ्यावा?*
जिथे तपासायला माणूस नाही, बिघाड झाला तर कंपनीलाच बोलवायचंय, किंवा ४०० जीबीपीएससारखे जास्त वीज खाणारे मॉड्यूल आहेत, तिथे ब्रँडेड बरा. एका लिंकवर अख्खं हॉस्पिटल अवलंबून असेल, तर मॉड्यूलमध्ये वाचलेले पैसे दुसऱ्या मार्गाच्या लिंकवर खर्च करा.

थोडक्यात

लॉक काही बाइटचं आहे आणि ते उघडतं. त्यानंतर प्रकाशाचा हिशेब, उष्णता, चाचणी आणि स्पेअर या गोष्टी कोणी तरी सांभाळाव्या लागतात. ब्रँडेड मॉड्यूलच्या जास्तीच्या किमतीत त्या सांभाळण्याचे पैसे धरलेले असतात. ते काम तुमच्या टीमला जमत असेल, तर कंपॅटिबल बिनधास्त घ्या. आधी दोन मागवा, आठवडाभर चालवा, आकडे लिहा, आणि मगच पन्नासची ऑर्डर द्या.